जीप एअर घेत होती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला थोडंफार ठाऊक असेल – त्या सकाळी ती शेजारीच झोपली होती – पण तिनं कधी विचारलं नाही आणि मी तर नाहीच बोललो. आता तुम्हाला सांगतोय. कुठून सुरुवात करू?

विलासपासूनच करतो. विलास म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, सुषमाचा नवरा. आम्ही दहिसरला एकाच चाळीत राहायचो. मी डिझेल गाड्यांचा मिस्त्री, साकीनाक्याच्या एका गॅरेजात. तो गिरणीत होता. लग्न ठरताना त्याच्या घरचे म्हणाले होते, मेव्हणा गॅरेजवाला आहे, चालेल ना? माझ्यासमोर म्हणाले होते. विलास तेव्हा हसला होता. मी ते विसरलो नाही. इतकं क्षुल्लक – पण नाही विसरलो.

मग त्याची गिरणी बंद पडली. सुषमाचे दागिने गेले आणि दारात एक जुनी डिझेल जीप आली. सकाळच्या पाळीची माणसं कारखान्यात सोडायचं काम त्याला मिळालं. पहाटे निघावं लागायचं. आणि पहाटेच जीप रुसायची.

सेल्फ मारत बसावं लागायचं. एकदाची सुरू झाली की पांढरा धूर, खडखडाट, सगळी चाळ जागी. दुपारी इंजिन गरम असलं की अर्ध्या सेल्फला घ्यायची. विलासनं मला बोलावलं. मी हीटर प्लग पाहिले, ते तापत होते. नोझल पाहिले, ठीक होते. मग खाली वाकून डिझेलच्या नळीवरून बोट फिरवलं. टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपाला क्लिपखाली बारीक चीर होती. गाडी एअर घेत होती. रात्रभर उभी राहिली की डिझेल टाकीत परत जायचं आणि सकाळी पंपाला नुसती हवा.

पाइपाचं टोक कापायचं, क्लिप आवळायची. चहा गार व्हायच्या आत झालं असतं.

मी काय म्हणालो? म्हणालो, “इंजिन म्हातारं झालंय रे. कम्प्रेशन राहिलं नाही. थंडीत असंच करणार.”

का म्हणालो असं? तेव्हाही मला नीट कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कळलं. पहाटे सुषमा दाराशी येऊन म्हणाली, “दादा, जरा ये ना रे.” मी गेलो, बॉनेट उघडलं, विलासला सीटवर बसवलं – म्हणजे त्याला पुढचं दिसणार नाही – आणि इंजिनावरच्या छोट्या हातपंपानं डिझेल वर ओढलं. “मार सेल्फ,” म्हणालो. जीप लगेच सुरू झाली. गॅलरीत उभी असलेली माणसं म्हणाली, दादाचा हात लागला की गाडी ऐकते.

ते मला आवडलं. फार आवडलं. सबंध हिवाळा मी रोज पहाटे तेच करत राहिलो.

जानेवारीच्या शेवटी विलास बिचकत म्हणाला, “दादा, राग मानू नकोस, पण एकदा दुसऱ्या कोणाला दाखवू का? तुला तरी रोज किती त्रास द्यायचा?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “दाखव ना. उद्यापासून मला हाक मारू नकोस.”

दुसऱ्या दिवशी सुषमानं हाक मारली. मी जागा होतो. चादर तोंडावर ओढून पडून राहिलो. बाहेर सेल्फ फिरत होता, मग जड फिरायला लागला – बॅटरी बसत चालली होती. आता तो काय करेल, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणू? नव्हतं. पण घाईत माणूस काहीही करतो, एवढं ठाऊक होतं. ट्रकवाले करतात तसा त्यानं डिझेलमध्ये बुडवलेला चिंध्यांचा बोळा पेटवला, इंजिनात गरम हवा जावी म्हणून एअर फिल्टरच्या तोंडाशी धरला आणि सुषमाला सेल्फ मारायला सांगितलं. जाळ उलटा आला. बाहीनं पेट घेतला. त्याची किंकाळी ऐकल्यावर मी उठलो.

तो इस्पितळात होता त्याच दुपारी मी पाइप कापून बसवला. दया आली म्हणून नव्हे. दुसऱ्या मिस्त्रीला ती चीर दिसली असती म्हणून. सुषमाला सांगितलं, नोझल साफ केले. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप हातपंपाशिवाय सुरू झाली. सुषमा माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.

विलासची उजव्या हाताची बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. स्टिअरिंग धरता येईना. जीप विकली. तो दिंडोशीला एका कॉलनीत वॉचमन म्हणून लागला. कोणी हाताचं विचारलं तर सांगायचा, माझीच घाई नडली, दादा तर रोज येत होता बिचारा.

गेल्या वर्षी तो वारला. तेराव्यानंतर माणसं पांगली, मी आणि सुषमा दोघंच बसलो होतो. तिनं सहज विचारलं, “दादा, त्या सकाळी माझी हाक ऐकू आली होती का रे तुला?”

“नाही गं,” मी म्हणालो.

“तेच म्हटलं,” ती म्हणाली. “ऐकू आली असती तर तू आला असतास.”

तिनं माझ्यासाठी चहा टाकला. मी तो प्यायलो.