विख्नाबाईंची टोपी

विख्नाबाईंना मातीआड केलं त्या दिवशी पाद्रीबाबा म्हणाले, "बापाची आज्ञा मानून ही साध्वी मुकाट्याने सासरी आली आणि दोन घराण्यांचं वैर मिटलं." मुकाट्याने! दातओठ खायला मला दात राहिले नाहीत, म्हणून नुसते ओठ खाल्ले. पाद्रीबाबा तेव्हा जन्मलेही नव्हते. मी, बोग्ना, तेव्हाही या गढीच्या स्वयंपाकघरात होते.

विख्नाचा बाप सुलिस्लाव, नदीपलीकडच्या गढीचा मालक. रानातल्या मधाच्या पोळ्यांच्या झाडांवरून त्याची आणि आमच्या मालकांची जुंपली, आणि त्याने रागाच्या भरात आमच्या मालकांना कुऱ्हाडीने मारलं. अशा खुनाची आमच्याकडे रीत ठरलेली आहे. मारणाऱ्याने अनवाणी यायचं, नागवी तलवार मेलेल्याच्या माणसांच्या हाती द्यायची, गुडघे टेकायचे आणि तीनदा म्हणायचं, 'देवासाठी क्षमा करा.' पण सुलिस्लाव कसला वाकतोय! म्हणाला, "बाईमाणसापुढे गुडघे? हट्! घोडे देतो, रान देतो, हवी तर पोर देतो."

राजाला लढाईसाठी दोन्ही घराण्यांचे स्वार हवे होते. त्याच्या माणसाने लगेच होकार भरून टाकला. आमच्या मालकीणबाई ओफ्का, त्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही. त्यांचाच नवरा गेलेला, आणि त्यांच्याच मुलाशी, दोबेकशी, खुन्याच्या पोरीचं लग्न ठरलं.

पानगळीच्या दिवसांत वऱ्हाड आलं. राजाच्या माणसाने विख्नाचा हात आमच्या दोबेकच्या हातात दिला, जेवणं झाली, बिअरची पिंपं रिकामी झाली. राहिली फक्त टोपी. सासूने वेणी सोडून डोक्यावर कापडी टोपी घातल्याशिवाय आमच्याकडे पोर बायको होत नाही. सगळ्या बायका गाणी म्हणायला सरसावल्या, आणि ओफ्काबाई जागच्या उठल्याच नाहीत.

"आज नाही," म्हणाल्या.

"मग कधी?" राजाचा माणूस लालबुंद झाला.

"माझ्या मनात येईल तेव्हा. टोपी घालणं बायकांचं काम आहे. तुमचा राजा येऊन घालणार असेल तर घालू दे."

दोबेकची रवानगी तबेल्यात झोपायला झाली आणि नवरी आली माझ्या गळ्यात. मला ती डोळ्यांसमोर नको होती, खोटं कशाला बोलू. "कणीक मळता येते का," मी विचारलं, "की बापासारखं नुसतं फोडताच येतं?"

"मळायला तू शिकव," ती म्हणाली. "फोडायचं मला येतं."

टवळी! पण त्याच दिवसापासून मला ती आवडायला लागली. काळा पाव भाजायला शिकली, आंबवायचा कोबी पिंपात पायांनी तुडवायला शिकली. दोबेक तर दर थोड्या वेळाने सरपणाचा भारा घेऊन हजर. "अरे बाबा, गढी पेटवायचीय का?" मी म्हणायची. तो कानापर्यंत लाल व्हायचा आणि विख्ना खाली मान घालून हसायची.

एकदा मात्र पिठात हात तसेच ठेवून ती रडली. "बोग्ना, मी इथली नाही, तिथली नाही. बाजारातून आणलेलं जनावर तरी कोणाचं ते ठाऊक असतं." मी मनातल्या मनात ओफ्काबाईंना शिव्या घातल्या. पोरीवर सूड उगवतेय म्हातारी, असंच वाटायचं मला.

ईस्टरला सुलिस्लाव डुकराच्या धुरावर सुकवलेल्या मांड्या घेऊन मोठ्या दिमाखात आला. अंगणात बघतो तर लेक उघड्या डोक्याने, वेणी पाठीवर टाकून, मोलकरणींबरोबर पाणी वाहतेय.

"हे काय? अजून टोपी नाही? माझ्या पोरीचा असा अपमान?" गडी तलवारीला हात घालून गरजायला लागला.

विख्नाने बादल्या खाली ठेवल्या. "बाबा, तुम्हाला गुडघे टेकायचे नव्हते, म्हणून मी इथे आहे. एवढे दुखतात का हो ते?"

सुलिस्लाव ओट्यावर बसला आणि त्याने बूट काढले. बर्फ वितळून नुसता रबरबाट झाला होता. त्यातून तो अनवाणी ओफ्काबाईंपर्यंत गेला, तलवार त्यांच्या हाती दिली आणि चिखलात गुडघे टेकले. तिसऱ्यांदा 'देवासाठी क्षमा करा' म्हणताना तो रडत होता.

"केली क्षमा," ओफ्काबाई म्हणाल्या. जड गेलं त्यांना, पण म्हणाल्या. मग विख्नाकडे वळल्या. "पोरी, तुझ्या बापाने त्याचं त्याने फेडलं. आता तू कशाच्याही बदल्यात नाहीस. टोपी घातली असती तर तुझी वाट कायमची बंद झाली असती, म्हणून मी घातली नाही. जा आता, आपल्या घरी जा."

मला मेलीला हे कधी सुचलंही नव्हतं! दोबेक सरपणाचा भारा छातीशी धरून पांढराफटक पडला होता.

"चल पोरी," चिखलातूनच बाप म्हणाला.

विख्ना स्वयंपाकघरात गेली. बोचकं आणायला गेली असणार, असं मला वाटलं. तेवढ्यात आतून काहीतरी दाणकन आपटलं, आणि ही बया माझी पीठ मळायची लाकडी काथवट फरफटत बाहेर घेऊन आली. फुगून आलेली सगळी कणीक जमिनीवर!

"अगं सटवे, माझं पीठ!" मी ओरडले.

तिने काथवट अंगणाच्या मधोमध उपडी घातली आणि तिच्यावर बसली. टोपी घालताना आमच्याकडे नवरीला असंच उपड्या काथवटीवर बसवतात.

"बाबा," ती म्हणाली, "तिकडून मला पाठवलं होतं. इथे मी आपणहून बसलेय."

ओफ्काबाईंनी तिची वेणी सोडली, केस विंचरले, टोपी घातली. मग नाड्या बांधायला त्यांनी मलाच पुढे ओढलं.