किल्केनीतली पिंड

आधीच सांगते, भुताखेतांवर, करणीवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी आयर्लंडमध्ये, लिक्सलिपला कॉम्प्युटर चिपच्या प्लांटमध्ये इंजिनिअर आहे. बिघाडाचं कारण सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. हे एकच कारण अजून सापडलेलं नाही...

माझी धाकटी बहीण रेवती. तिच्या नवऱ्याने, कौस्तुभने, तिला मारून घराबाहेर काढलं, लहानग्या सईला स्वतःकडे ठेवून घेतलं आणि 'बायको वेडी आहे' असं इथल्या सगळ्या मराठी लोकांत पसरवलं. माणूस गोडबोल्या, त्यामुळे लोकांना ते खरंही वाटायचं. सई कुणाकडे राहणार, हे पुढच्या आठवड्यात कोर्टात ठरणार होतं. रेवती घाबरून अर्धी झाली होती. मला मात्र त्याचा गळा दाबावासा वाटायचा — स्पष्टच लिहिते.

तेव्हा नागपूरहून आई आली होती. हवापालट म्हणून आम्ही तिघी किल्केनीला गेलो. कॅसल झालं, कॅथीड्रल झालं, त्याच्या शेजारचा उंच गोल मनोरा झाला. मग शहराच्या कडेला एका पडक्या चर्चच्या आवारात आई थबकली. खडकात वाटीसारखा खळगा, त्यात पावसाचं पाणी, मधोमध गुळगुळीत गोल दगड आणि पाणी वाहून जायला एका बाजूला चर.

"अवं, हे तं पिंडच हाय!"

आईने चपला काढल्या, बाटलीतलं पाणी वाहिलं आणि प्रदक्षिणा सुरू केली. शंकराची पन्हळ ओलांडत नाहीत, म्हणून चरापर्यंत जाऊन ती तिथूनच उलटी वळली. जाताना 'नमः शिवाय' चाललं होतं. परत येताना तिची नजर रेवतीच्या दंडावरच्या काळ्यानिळ्या डागावर गेली आणि ती कडाडली, "माह्या पोरीले येडी म्हनते! जीभ झडो त्या कौस्तुभची!"

कुत्र्याला फिरवायला आलेले एक आयरिश आजोबा हे बघत होते. त्यांनी मला विचारलं, "उलटं फिरताना त्यांनी कुणाचं नाव घेतलं का?"

मी हो म्हटलं.

"हा शापाचा दगड आहे. सुलटं फिरलं की प्रार्थना, उलटं फिरलं की शाप. शाप अन्यायाचा असेल तर देणाऱ्यावरच उलटतो. नसेल, तर तुम्ही ग्रँड, काळजीच नाही!" एवढं बोलून ते चालू लागले.

गाडीत मी आणि रेवती हसलो. आई हसली नाही.

कोर्टात कौस्तुभ बोलायला उभा राहिला... आणि तोंडातून आवाजच फुटेना. नुसते ओठ हलत होते, म्हणे. मध्ये तोडणारं कुणी नव्हतं, त्यामुळे रेवती पहिल्यांदाच सगळं सांगू शकली. सई तिच्याकडे आली.

कौस्तुभचा आवाज आजतागायत परत आलेला नाही. कॉर्कपर्यंतचे डॉक्टर झाले. घशात काहीही दोष नाही. योगायोग? धक्का? मी सगळं ताडून पाहिलं, पटेल असं उत्तर मिळालं नाही.

परवा सई म्हणाली, "Daddy can't say my name." स्वयंपाकघरात जाऊन मी रेवतीला विचारलं, "आईला पुन्हा तिथे नेऊया का? सुलटी प्रदक्षिणा घालू दे."

रेवती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "ताई, मारताना तो माझं तोंड दाबून धरायचा. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून."

मग कणकेवर ताट झाकून म्हणाली, "राहू दे."