साठ मिली ग्लुकोज

“मॅडम, साखर कमी हाय म्हणता, तर मंग घालीत का न्हाय? चहालाबी इतका येळ लागत न्हाय.”

काचेच्या दाराशी बाळाचे वडील उभे होते. टेमघरला कापडाच्या लूमवर कामाला. त्यांची नुकती जन्मलेली मुलगी आत होती. तिच्या रक्तातली साखर इतकी उतरली होती की झटके येण्याची भीती होती. दहा टक्क्यांचं ग्लुकोज चालू होतं, पण ते पुरत नव्हतं. भिवंडीच्या त्या हॉस्पिटलात मी फार्मासिस्ट होते. औषध तयार करून देणं माझं काम.

डॉक्टरांनी साडेबारा टक्क्यांचं साठ मिली मागितलं. हाताच्या बारीक शिरेला त्याहून कडक सोसत नाही. ते तयार मिळत नाही. दहा आणि पंचवीस टक्क्यांचं मिसळून करावं लागतं. कोणतं किती, हे डॉक्टर आणि मी वेगवेगळ्या कागदांवर काढायचो. उत्तरं जुळल्याशिवाय सिरिंज भरायची नाही, हा आमचा नियम.

दहा टक्क्यांचं पातळ x, पंचवीस टक्क्यांचं कडक y. एकूण मिली: x + y = 60. साखरेसाठी साठला साडेबाराने गुणायचं: 10x + 25y = 750. पहिल्यावरून x = 60 − y, ते दुसऱ्यात x च्या जागी ठेवायचं. तुम्ही शाळेत करता तेच.

माझं उत्तर आलं, पन्नास आणि दहा.

“माझं पावणेचोपन्न आणि सव्वासहा,” डॉक्टर म्हणाले. त्यांची सलग दुसरी ड्युटी होती. “बेरीज साठ होतेय की. भरा ना मॅडम, वेळ जातोय.”

“साखरेच्या समीकरणात घालून बघा.”

त्यांनी घातलं. साडेसातशे सोडा, सातशेसुद्धा भरेनात.

मी त्यांच्या कागदावर कंस शोधला. 10(60 − y). दहाने साठला गुणलं होतं, y ला गुणायचं राहिलं होतं.

“शाळेत यावरून छडी खाल्लीय मी,” ते म्हणाले. हसले नाहीत.

ते मिश्रण दिलं असतं, तर कुणाला कळलंही नसतं. औषध चालू आहे आणि साखर हवी तशी चढत नाही, एवढंच दिसलं असतं. दोष आम्ही आजाराला दिला असता.

पन्नास आणि दहा भरलं. पंप लावला. पुढच्या तपासणीत साखर थोडी वर आली, त्यापुढच्या तपासणीत आणखी. वडिलांना सांगितलं, तेव्हा ते भिंतीला टेकून खाली बसले.

मुलांनो, एका समीकरणात बसलं म्हणून उत्तर खरं ठरत नाही. ते दुसऱ्यातही घालून पाहायचं. घाई असेल तेव्हा तर नक्कीच.