शमीमभाभीचा घाटा

नवऱ्याला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय मी शिताफीनं टाळत आले. तुम्हाला सांगते. का, ते विचारू नका – मलाच नीट माहीत नाही.

आमच्याकडे भेदभाव नाही, असं मी चारचौघांत फार अभिमानानं सांगते. महिला मंडळात सांगितलंय, सुनेच्या माहेरच्यांना सांगितलंय. लोक माना डोलावतात. आणि मी – मी तेव्हा हटकून पदर सारखा करत असते.

पाचोऱ्याला आमची गल्ली लहान. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ऊन तापायला लागलं की गल्लीत बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, सुरू व्हायचे. ज्वारी भिजवायची, भरडायची, आंबवायची आणि पहाटे मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा. मग खाटेवर ओलं कापड पसरून गरम असतानाच भराभर थापायचे. घाटा निवला की संपलं, तो हाताला ऐकत नाही. म्हणून हे एकटीचं कामच नव्हे. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, अशा आम्ही सगळ्या जायचो. आणि ज्या घरी जायचं, तिथे आधी ताटलीत गरम घाटा, वर तेल-तिखट. तो खाल्ल्याशिवाय कुणी हात ओला करायचा नाही, अशी रीतच होती.

शमीमभाभी गल्लीच्या टोकाला नवीन राहायला आली. नवरा शिलाईकाम करायचा. तिला बिबड्यांना बोलावलं कुणी? मीच. मोठ्या तोऱ्यात! आपण सगळ्या एकच की गं, म्हणत हाताला धरून आणलं. ती आली, आमच्याकडचा घाटा खाल्ला आणि असे पातळ बिबडे थापले की माझ्या सासूबाई, आमच्या अक्का, बघतच राहिल्या. "हाई पोरना हात हलका शे," म्हणाल्या. अक्कांकडून कौतुक म्हणजे काय चीज होती, ते मला विचारा! पुढे ती गल्लीत सगळ्यांकडेच गेली. रोज दुपारी अक्कांजवळ येऊन बसायला लागली.

मग तिची पाळी आली. लेकीच्या सासरी धुळ्याला बिबडे पाठवायचे होते, पहिलंच वर्ष. मला म्हणाली, "भाभी, सबको लेके आना हं." मी म्हटलं, अगं, आणते की!

आदल्या दिवशी पाण्याच्या नळावर एकीनं सहज विचारलं – तिच्या पातेल्यातला घाटा तू खाणार का? बस, एवढंच. तिनं काही वाईट म्हटलं नव्हतं. ती बहुतेक खायला तयारही असेल. पण मी? त्या पातेल्यात एरवी काय शिजत असेल, हा विचार कुणाच्या मनात आला? माझ्या. एकच की गं म्हणणारीच्या. पण तसं कबूल करायची लाज, आणि खायचीही तयारी नाही – मग करायचं काय? मी बेधडक सांगून टाकलं की शमीमभाभीकडचं रहित झालं, तिच्याकडे काही अडचण आहे. सगळ्यांना सांगितलं. अक्कांनाही. त्या बिचाऱ्या भिजवलेल्या ज्वारीसाठी हळहळल्या, "भिजेल ज्वारीनं आते काय व्हई व?"

आणि सकाळी मी शमीमभाभीच्या दारात गेले. चुलीवर घाटा रटरटत होता. खाटा मांडलेल्या, कापडं भिजवलेली, ताटल्या ओळीनं लावलेल्या. तिला म्हटलं, कुणी येणार नाही. तिनं कारण विचारलं. मी खाली बघत म्हटलं – आमच्या अक्कांना पटत नाही. त्यांच्या शब्दाबाहेर गल्लीतलं कोण जाणार?

अक्कांना! ज्या पहाटेपासून तयार होऊन बसल्या असत्या, त्यांना!

तिनं ओळीनं लावलेल्या ताटल्या उचलून ठेवल्या. मग एकटीच थापत बसली. आमच्या गच्चीवरून दिसत होतं. घाटा निवत गेला, कडा फाटत गेल्या, उरलेला तिनं शेवटी झाकून ठेवला. शेजारणींनीही ते पाहिलं. बघा, आपल्याला नको म्हणाली आणि एकटीच करतेय, असं बोलणं सुरू झालं. मी तिथेच उभी होते. सगळं ऐकत होते.

त्यानंतर ती आमच्या घरी आली नाही. गल्लीतही तिला कुणी बोलावलं नाही. अक्का किती दिवस विचारायच्या, "शमीम काबर येत नही व?" मी म्हणायचे, शिष्ट आहे हो ती. हे वाक्य मी माझ्या तोंडानं, एकदा नाही, अनेकदा बोललेय. शेवटी अक्काही म्हणायला लागल्या, जाऊ दे, माणसं ओळखता येत नाहीत. त्या वर्षभरातच शमीमभाभी गावाच्या दुसऱ्या बाजूला राहायला गेली.

अक्का गेल्या ते नव्वद सालानंतर. घर माणसांनी भरलं होतं. कशी कोण जाणे, तिला खबर लागली. मी दारात आले तर ती रस्त्याच्या पलीकडे उन्हात उभी, डोक्यावरून पदर, डोळे सुजलेले. बायका आपसात म्हणाल्या, त्यांच्यात आत येणं चालत नसेल. मला माहीत होतं ती का थांबली होती. अक्कांना आपण घरात आलेलं आवडणार नाही, निदान आज तरी त्यांचं मन राखावं – म्हणून थांबली होती.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली असती तरी ती आली असती. पण आत येऊन रडता रडता ती काही बोलली असती तर? "अक्का माझ्यावर का नाराज होत्या?" असं तिनं सगळ्यांसमोर विचारलं असतं तर?

मी पाठ फिरवली आणि आत गेले. अक्कांना बाहेर आणलं, तिरडी गल्लीतून वळली, तोवर ती तिथेच उभी होती.