ऊन पाण्यातले देव

लढाई सुरू झाल्याचं चावडीवरच्या रेडिओने सांगितलं आणि त्याच दिवशी आत्याने आमचे देव पाण्यात ठेवायला लावले. आत्या गावातच दिलेली. घरात तिचा शब्द वडिलांच्याही वरचा. "पोरगं सरहद्दीवर हाय, आन् तू देवांना नुसती फुलं काय वाहतीस?" असं ती आईला म्हणाली आणि माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ स्वतःच खाली काढलं. आईने देव्हाऱ्यातला खंडोबा आणि भवानीचा टाक, अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण असे एकेक करून त्यात ठेवले आणि वरून पाणी ओतलं. भाऊ सुखरूप असल्याचं कळेपर्यंत आता त्यांची सुटका नव्हती.

मला हा प्रकार फार आवडला. पूजाअर्चेत माझं मन कधीच रमलं नव्हतं, पण देवांची अशी कोंडी करायची, आधी आमचं काम करा मगच बाहेर या असं बजावायचं, हे मला पटलं. माझा स्वभावच तसा. मागून मिळत नसेल तर भांडून घ्यायचं. आमच्या पारनेरच्या बाजूला डिसेंबरात असा वारा सुटतो की सकाळी हंड्यात हात घालवत नाही. बसू देत गारठत, म्हटलं. भाऊ तरी कुठे उबेत बसलाय?

भाऊ माझ्याहून थोडाच मोठा. मला चिडवल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. तो नव्हता तर घरात भांडायलाही कुणी नव्हतं आणि माझा पाय घरात ठरत नव्हता. भाकरी तव्यावर टाकून मी चावडीपर्यंत पळत जायची. रेडिओभोवती सगळे पुरुष. मी भिंतीच्या आडोशाला उभी राहून कान द्यायची. अमुक ठाणं घेतलं, तमुक विमानं पाडली. आमच्या भावाचं त्यात काहीच नसायचं. ते तिथे कसं असणार, हे मलाही कळत होतं, तरी मी रोज जायची. परत येईपर्यंत भाकरीचा कोळसा झालेला असायचा आणि आई दुसरी थापायची.

शेवटी मी वडिलांच्या मागे लागले आणि आम्ही एसटीने नगरला गेलो. विमानांच्या भीतीने गाड्यांच्या दिव्यांना अर्ध्यापर्यंत काळा रंग फासलेला, खिडक्यांना काळे कागद. विचारत विचारत लष्कराच्या एका ऑफिसात पोचलो. तिथल्या साहेबांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. भला माणूस होता. वडिलांना म्हणाला, "बाबा, काही कमीजास्त झालं तर तार येते. तुम्हाला तार आली नाही ना? मग बिनघोर घरी जा."

वडील खरंच बिनघोर झाले. परतीच्या गाडीत त्यांना झोपही लागली. माझं मात्र उलटंच झालं. तोवर पोस्टमन म्हणजे आमच्या दृष्टीने मनिऑर्डर आणणारा माणूस होता. त्या दिवसापासून त्याची सायकल दिसली की मी हातातलं काम टाकून दारात यायची, आणि ती दारावरून पुढे गेली की मी तिला शिव्या घालायची. सायकलीला हो, त्याला नाही.

अशाच एका सकाळी मी पाहिलं, तर आई चुलीवरचं तापलेलं पाणी तांब्याने घंगाळात ओतत होती. ओतायची, कोपर बुडवून बघायची, परत थोडं ओतायची.

"आई, हे काय करतीस?"

"गारठलेत गं. बाळकृष्नाच्या अंगावर तर सूतबी न्हाई."

माझं डोकंच फिरलं. "अगं, गारठावं म्हनून तर पान्यात ठेवलेत! असं ऊन ऊन पानी मिळाल्यावर कशाला हलत्यात ते? मजेत बसून ऱ्हातील की!"

"बसू दे."

"आन् भाऊ?"

तिने आणखी एक तांब्या ओतला. मी तडक आत्याकडे जाऊन चुगली केली. आत्या आली, चांगली फडाफडा बोलून गेली. आईने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन पाणी ओतलं.

ओतताना ती देवांशी बोलायची. दाराआड उभं राहून मी ऐकायची, भावासाठी काय मागते ते. ती काही मागतच नव्हती. ज्वारी पोटरीत आलीय, शेळी आज दूध देईना, पोरगी काही खात न्हाई, असं गावाहून आलेल्या बहिणीला सांगावं तसं सांगायची. भावाचं एवढंच, "तुमी तिथंबी हायेत ना, मंग झालं." आणि उठून कामाला लागायची. तिला भूक लागायची, झोप लागायची. मला तिच्या त्या शांतपणाचा संताप यायचा. आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा. अंथरुणावर पडलं तरी माझा डोळा लागत नव्हता.

मग लढाई संपली. चावडीपुढे गुलाल उधळला, पेढे वाटले. मी पेढा तसाच मुठीत धरून धावत घरी आले.

"आई, जिंकलो आपन! काढ देव बाहेर!"

"सरकार जिंकलं," आई म्हणाली. "माझ्या पोराचं कळू दे."

तार त्यानंतर आली, सगळ्यांनी धास्ती सोडल्यावर. पोस्टमनने त्या दिवशी घंटी वाजवली नाही. कोपऱ्यावरच सायकलवरून उतरला आणि ती हातात धरून चालत आला. इंग्रजी आम्हाला कुणालाच येत नव्हतं. त्यानेच वाचली. वाचून झाल्यावर टोपी काढून तो ओट्याच्या पायरीवरच बसला.

घर माणसांनी भरलं. वडील घोंगडीवर बसले ते भिंतीकडे बघत. बायका आईभोवती रडत होत्या. मला रडू येत नव्हतं, मला काहीतरी फोडायचं होतं. घंगाळ आठवलं. उचलायचं आणि देवांसकट उकिरड्यावर उपडं करायचं, एवढंच डोक्यात घेऊन मी आत गेले.

आई बायकांतून उठून माझ्याआधीच तिथे आली होती. दोन्ही हात पाण्यात घालून एकेक देव काढत होती आणि पदराने पुसत होती.

मागून आलेली आत्या दारातच किंचाळली. "अगं, शिवू नगं! सुतक लागलंय आपल्याला! शेजारच्या कुनाला तरी काढू दे."

आईचे हात थांबले नाहीत.

"त्यांनाबी लागलंय," ती म्हणाली. "घरचंच पोरगं गेलं त्यांचं."

आईने देव ओटीत घेतले. देव्हाऱ्यात ठेवले नाहीत. बाहेर आली, तिच्या मागोमाग मीही येऊन घोंगडीवर बसले, आणि आम्ही सगळे सुतकात बसलो होतो तिथेच, वडिलांच्या शेजारी, तिने ते मांडायला घेतले. मी थोडी सरकून जागा दिली.