छत ठोकून पाहणारे आनंदराव

आनंदराव धरमपेठेतल्या इंग्रजी संभाषणाच्या क्लासात पहिल्यांदा शिरले, तेव्हा अर्ध्या नागपूरला भूकंप झाल्यासारखं वाटलं. निदान वेदिका मॅडमना तरी वाटलंच. दारात सहा फुटी, झुपकेदार मिशांचा एक म्हातारा उभा, आणि हातातल्या काठीनं तो वर्गाचं छत ठोकतोय! पहिल्या ठोक्याला पंखा हलला, दुसऱ्याला पोपडा पडला, तिसऱ्याला पहिला बाक रिकामा झाला.

"पक्कं आहे," म्हातारा म्हणाला. "बसा आता सारे."

बिचाऱ्यांचा दोष नव्हता. कन्हानजवळच्या कोळसा खाणीत ते एकतीस वर्षं सरदार, म्हणजे पाळीचे मुकादम, होते. मजुरांना पुढे सोडण्याआधी काठीनं छत ठोकायचं. आवाज भरीव आला तर सोडायचं, पोकळ आला तर तळहात उभा धरायचा. म्हणजे आहे तिथंच थांबा. त्यांच्या पाळीत एकही माणूस दगावला नाही. निवृत्तीनंतर प्रताप नगरातली सगळी गल्ली टरबूज निवडायला त्यांनाच नेई.

"काका, या वयात इंग्रजी काहून?" मॅडमनी विचारलं.

"एकच वाक्य पाहिजे, मॅडम. पण मजबूत."

त्यांच्या लेकीनं, रोशनीनं, दोन वर्षांपूर्वी बंगळूरला परस्पर कोर्टात लग्न केलं होतं. जावई जोबी केरळचा. त्याला ना मराठी, ना हिंदी. आनंदरावांनी फोनवर त्याला आपल्याजवळचं एकुलतं एक इंग्रजी वाक्य ऐकवलं, "आय अ‍ॅम अँग्री," आणि फोन ठेवून दिला. राग पंधरा दिवसांत विरला. वाक्य मात्र वर्तमानकाळात ठाण मांडून बसलं. आता तो जावई पहिल्यांदाच घरी येणार होता.

"रोशनीला सांगा ना, ती समजावेल त्याला."

"माफी का पोरीच्या तोंडून मांगू?"

मग मॅडमनी वाक्य शिकवलं, 'आय वॉज अँग्री विथ यू, नाऊ आय अ‍ॅम हॅपी विथ यू.' राग होता, म्हणून 'वॉज'. माणसावर होता, म्हणून 'विथ'. गोष्टीवर असता तर 'अ‍ॅट'. आणि माणसावर खूश असलात तर पुन्हा 'विथ'.

"रागावलो तरी विथ अन् खूश झालो तरी विथ?" आनंदराव पार हतबल झाले. "मंग समोरच्याले समजन कसं?"

तरी महिनाभर ते पेन्सिलीनं बाक ठोकत एकेक शब्द तपासत राहिले. घरी डाळीच्या डब्यावर, अंघोळीला बादलीवर.

रविवारी दुपारी टॅक्सी थांबली. रोशनी मागे सामान उतरवत होती. जोबी मिठाईचा डबा घेऊन पुढे आला, त्यानं वाकून चपला काढल्या आणि उंबरा ओलांडायला पाय उचलला. आनंदरावांनी दाराची चौकट बोटानं हळूच ठोकली. "आय वॉज अँग्री..." पुढे? विथ की अ‍ॅट? विथ जरा पोकळ वाजला. अ‍ॅट त्याहून पोकळ. आणि एकतीस वर्षांचा हात आपोआप वर गेला. तळहात उभा.

जोबीचा पाय हवेतच थांबला. दोन वर्षं तो ज्याला घाबरत होता, तेच झालं होतं. त्यानं डबा उंबऱ्यावर ठेवला, हात जोडले, चपला घातल्या आणि टॅक्सीत जाऊन बसला.

"बाबा!" रोशनी फाटकातूनच ओरडली. "काहून असं केलं गा तुम्ही? दारातून वापस धाडलं त्याले?"

"तसं नाही वं! मी वाक्य ठोकून पाहून राहिलो होतो..."

"काय ठोकून?"

हे आनंदरावांना मराठीतही सांगता येईना. हात अजून तसाच वर होता. टॅक्सी वळली, तेव्हा कुठे तो खाली आला.

क्लासच्या परीक्षेत आनंदरावांना वीसपैकी अठरा मिळाले. जोबी त्यानंतर नागपूरला आलेला नाही.