ओल्या रंगावर आवळलेले नट

नोकरीत गुन्हे पुष्कळ पाहिले, पण त्या दसऱ्याची जीप काही डोळ्यांपुढनं हलत नाही. मी सातवी शिकलेला. शिपाई म्हणून लागलो, फौजदार होऊन निवृत्त झालो.

सणाच्या सकाळी अणदूरच्या अलीकडं एका जीपचं पुढचं चाक निखळलं आणि जीप तुरीच्या रानात घुसली. मालक स्वतः चालवत होता, त्याचा हात मोडला. चाकाचे सगळे नट वाटेत गळाले होते. दवाखान्यात जबाब देताना त्यानं थेट धाकट्या भावाचं नाव घेतलं.

"त्यानंच ढिले केले साहेब. वडलांची जीप माझ्या वाट्याला आली, तवापासनं बोलचाल न्हाय."

खबऱ्यानंही तेच आणलं. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, दिवस मावळताना धाकटा जीपच्या पुढच्या चाकाशी बसलेला दिसला होता. ठाण्यात सगळे म्हणाले, खुनाचा प्रयत्न, लावा कलम. लावलं असतं तर तो कित्येक वर्षं आत गेला असता.

"चाकाशी काय करत होतास?" मी दरडावलं.

"हार बांधत होतो साहेब. वडील असताना म्याच बांधायचो. दादा घरात गेला, मग गुपचूप बांधला."

"आणि पाना कुठं टाकलास?"

"झेंडूच्या हाराला पाना कशाला लागतोय?"

खोटं बोलणारा लांबण लावतो. हा लावत नव्हता. मी उठलो आणि आवारात ओढून आणलेल्या जीपपाशी गेलो.

पूजेसाठी मालकानं घरीच चाकं काढून ती आणि ज्यावर ती बसतात ते ड्रम लाल ऑइलपेंटनं रंगवले होते. चाकं बसवून वरनं नटही रंगवले होते. उरलेल्या तिन्ही चाकांच्या नटांवरचा रंग अखंड होता, कुठं टवका उडालेला नव्हता. तरी पाना लावला की नट अलगद फिरत होते.

मला घरची लोखंडी खाट आठवली. मीच रंगवून जोडलेली, आठवड्यात डुगडुगायला लागली. आमच्या मंडळी, म्हणजे बायको, तेव्हा म्हणाल्या होत्या, "ओल्या रंगावर नट आवळलेत व्हय? रंग दबला की नट सैल पडणारच. मोठे फौजदार!"

पंचनामा केला. वाहन निरीक्षकानंही तेच कारण लिहून दिलं. मग मालकाला ठाण्यात बोलावून घेतलं.

"रंग वाळू दिला होता का?"

"कुठं साहेब, पूजेची वेळ टळत होती."

"बाकीच्या तिन्ही चाकांचे नटही सैल आहेत. दुसऱ्या कुणी पाना लावला असता तर टवके उडाले असते. मग भावानं काय फुंकर मारून ढिले केले? तो तर चाकाला हार बांधत होता."

तो म्हणाला, "हार त्यानं बांधला व्हता? मला वाटलं, घरातल्यांनी बांधला."

धाकट्याला आत बोलावलं. त्यानं खिशातलं चुरगळलेलं आपट्याचं पान काढून थोरल्याच्या धड हातात ठेवलं आणि पाया पडला. थोरला लहान पोरासारखा रडला.

माझ्या छातीवर पदक नाही. पण निर्दोष माणूस गजाआड जाऊ दिला नाही, हे मी कुणापुढंही ताठ मानेनं सांगतो. आरोप कितीही पक्का दिसला तरी वस्तू हातात घेऊन बघावी, हे मी त्या दिवशी शिकलो. निम्मं श्रेय मंडळींचं. ते त्यांना कधी बोलून दाखवलं नाही, आता त्या नाहीत.

ती खाट त्यांनी रंग वाळवून माझ्याकडनं पुन्हा जोडून घेतली होती. आता तिच्यावर मी एकटाच असतो. अजून जरासुद्धा डुगडुगत नाही.